माळावरची थंडी

काल सकाळी दारावरून पेंढ्याची गाडी गेली. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, मळणी आटोपलेली होती, आणि गाडी इतकी गच्च भरलेली की आमच्या अरुंद आळीत ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासतच खाली उतरली. गाडी दिसेनाशी झाली, पण खडबडीत गिलाव्यात पिवळ्या काड्या अडकून राहिल्या आणि मागे तो वास राहिला. कोरडा, गोडसर, थोडा धुळकट. हातातलं सूप तसंच धरून मी उंबऱ्यात उभी राहिले. मुलीनं आतून विचारलं, "आई, काय झालं?" तिला काय सांगणार? वीसेक वर्षांमागची एक अख्खी थंडी माझ्यासमोर येऊन उभी होती.

ते प्लेगचं साल होतं. ते दिवस आठवले की माझ्या अंगावर काटा येत असेल असं लोकांना वाटतं. येतोही, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग छातीतून एक लांब श्वास सुटतो, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर सुटतो तसा. आणि मग हसू येतं.

भोरात कुणाला उतारआळी कुठं म्हणून विचारलं तर बहुतेकजण मान हलवतील. राजवाड्याचा रस्ता सगळ्यांना ठाऊक, बाजारपेठ ठाऊक. पण पेठेतल्या दोन दुकानांच्या मध्ये, गाडी शिरली तर दोन्हीकडे घासेल एवढी एक फट आहे, तिथून आत शिरलं की आमची आळी सुरू होते आणि उतरत उतरत थेट नीरेच्या पाण्यात पाय घालते. डोळे मिटून चाललं तरी कुठवर आलो ते नाकाला कळावं. वरच्या तोंडाला तांबटांचं घर, तिथं तापलेल्या तांब्याचा आणि चिंचेचा वास. मग शिंप्यांचं घर, त्याला लागून आमचं. इथं कोऱ्या कापडाचा आणि फोडणीचा. खाली उतरावं तसा शेणाचा, वैरणीचा, दुधाचा वास येऊ लागतो, कारण शेवटचं घर धोंडिबा आणि बायजाबाईंचं, त्यांची गुरं माणसांच्या आधी दिसतात. त्याच्यापुढे फक्त नदीचा वास. पावसाळ्यात गावाचं पाणी आमच्या आळीतून धावत जातं आणि उन्हाळ्यात आमच्या बायका त्याच वाटेनं पाणी वर आणतात. एवढीच या आळीची कहाणी. इथं देऊळ नाही, पार नाही, कुणी मोठा माणूस इथं जन्मला नाही.

मी या आळीत लग्न होऊन आले ती वैशाखात. माझे वडील मार्गासनीला शाळामास्तर. तिथं आमच्या ओट्यावर बसून भाकरी खाता खाता राजगड दिसायचा. इथं स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिंप्यांची भिंत दिसायची, तीही हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. हे संस्थानच्या कचेरीत कारकून. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात सासूबाई आणि मी. सासूबाईंचं सोवळं कडक, बोलणं मोजकं. "मीठ जास्त झालं." "पाणी भरलंस?" "दिवा लाव." दिवसभरात याहून जास्त बोलणं व्हायचं नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी कधी हात उगारला नाही की माहेराचा उद्धार केला नाही. पण मला सोळावं सरलेलं, आणि गप्प बसण्याची सवय नव्हती.

त्यामुळे आळीतली माणसं मला आधी कानांनी भेटली. पहाटे वरून तांबटकाकांचा खोकला, मग त्यांची ठोकाठोक. खालून बायजाबाईंचं गुरांना शिव्या देणं, त्या शिव्याही अशा लाडाच्या की ऐकत राहावं. आणि भिंतीपलीकडून, दुपारी जेवणं झाली की, कुणीतरी बाई हसायची. पोट धरून, श्वास कोंडेपर्यंत. काय बोलणं चाललंय ते कळायचं नाही, पण त्या हसण्यानं माझी दुपार सरायची. ती बाई कोण असेल याचं चित्र मी मनाशी रंगवलं होतं. गोरी, ठसठशीत, मोठ्या कुंकवाची.

कार्तिकात तांबटकाकांच्या माळ्यावरून मेलेला उंदीर पडला.

दुसऱ्या दिवशी आणखी कुठं पडला, मग पेठेत पडला, आणि मग दवंडी फिरली. घरं सोडा, गावाबाहेर राहायला जा. आजच्या मुलांना हे सांगितलं तर नवल वाटतं, पण आमच्या वेळी त्यात नवल नव्हतं. थंडी पडली की ज्येष्ठ माणसं छपराकडे बघायची. पेठेतले लोक एका बाजूला गेले, राजवाड्याकडचे दुसऱ्या. उतारआळीतल्या लोकांनी कुठं जायचं हे कुणी सांगितलं नाही, कारण उतारआळीत लोक राहतात हे कुणाच्या लक्षात नसायचं. तेव्हा धोंडिबा खालून वर आले, प्रत्येक दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नदीपल्याड माजं रान हाय. नाचणी काढून मोकळं पडलंय. समदी तितंच चला. आळी फुटाय नगं."

आळी फुटाय नगं. या चार माणसांच्या गल्लीला कुणी 'फुटू नये' म्हणावं अशी काही वस्तू समजतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माळ अगदी समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर चढत गेलेला. नीरेचं पाणी उतरलेलं, दगडांवरून पलीकडे जाता येत होतं. कारवीच्या भिंती, वर भाताच्या पेंढ्याचं छप्पर, अशा झोपड्या बायका-पुरुषांनी मिळून उभ्या केल्या. गंमत अशी की कुणी न सांगता सगळ्यांनी आळीचाच क्रम धरला. वर तांबट, मग शिंपी, मग आम्ही, आणि तळाला, नदीजवळ, बायजाबाई गुरांसकट. आळी अल्लद उचलून पलीकडे ठेवल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी आम्ही बाहेर बसलो की समोर आमचीच घरं दिसायची. रिकामी, कौलं काढलेली. घरात ऊन खेळावं म्हणून पुरुषांनी निघतानाच बरीचशी कौलं उतरवून ठेवली होती. आपलंच घर असं डोकं उघडं टाकून उभं असलेलं बघवत नसे.

पण खरं सांगते, सकाळी उठले की मला आनंदच व्हायचा. कारवीच्या फटींतून ऊन आत यायचं आणि पांघरुणावर त्याच्या रेघा पडायच्या. बाहेर दव इतकं की पाऊलवाट ओली. चुली उघड्यावर, तीन दगडांच्या. भाकरीचा वास एका चुलीवरून दुसरीवर जायचा. रोहिडा गडाच्या माथ्यावर धुकं असायचं, आणि ते विरेपर्यंत बायका तिथंच शेकत बसायच्या. मीही बसायचे. घरात असते तर बसता आलं नसतं. इथं बसायचं नाही तर जायचं कुठं?

सासूबाईंची मात्र पंचाईत झाली होती. माळावर सोवळं पाळायचं कसं? वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं कुणाचा स्पर्श न होता राहील अशी जागाच नव्हती. शेवटी धोंडिबांनी दोन उंच मेढी रोवून त्यावर आडवी काठी बांधून दिली. सासूबाई समाधान पावल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघतो तर बायजाबाईंची शेळी पुढचे दोन पाय मेढीवर टेकून उभी, आणि लुगड्याचं टोक तिच्या तोंडात. शांतपणे चघळतेय. सासूबाई "हाड, हाड" म्हणायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. शेळीला हाड म्हणायचं की काय म्हणायचं हे त्यांना सुचेना. "अगं... अगं शेळी!" असं त्या मोठ्या आदबीनं म्हणाल्या.

आणि तेव्हा माझ्या पाठीमागून ते हसणं आलं. तेच, पोट धरून, श्वास कोंडेपर्यंत. मी गर्रकन वळले. शिंप्यांच्या गंगूताई! काटकुळ्या, काळ्यासावळ्या, कपाळावर कायम आठी, ज्यांना मी आल्यापासून घाबरून होते त्या. जमिनीवर बसल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून त्या आणखी हसल्या आणि मग मीही. हसत हसत मी सासूबाईंकडे पाहिलं आणि जीभ चावली. त्या रागावल्या नव्हत्या. शेळीनं अर्धवट टाकलेलं लुगडं हातात धरून त्या गंगूताईंकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे दुपारची ती तू होय? मला वाटायचं, पाहुणी येत असेल कुणी."

त्याही ऐकत होत्या तर! भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघीजणी, एकमेकींशी न बोलता, रोज दुपारी तेच हसणं ऐकत होतो.

गंगूताई आता थकल्यात. दात गेले. पण पेंढ्याची गाडी त्यांच्या भिंतीला घासली असेल तेव्हा त्यांनाही ती शेळी आठवली असणार. दुपारी जाऊन विचारते.

पौष लागला. ह्यांना कचेरीच्या कामानं वेल्ह्याकडच्या गावांत जावं लागलं. जाताना म्हणाले, "आईकडे लक्ष ठेव." मी मान हलवली. ह्यांनी प्लेगचं टोचून घेतलं होतं, मीही घेतलं होतं. सासूबाईंनी काही केल्या घेतलं नव्हतं.

हे गेले त्याच्या दोन-तीन दिवसांनी सकाळी सासूबाई नदीवरून अंघोळ करून आल्या आणि चुलीपाशी बसल्या. बसल्या त्या कुडकुडायलाच लागल्या. पाणी गार होतं, थंडी होती, मला काही वाटलं नाही. मी घोंगडी दिली. थोड्या वेळानं बघते तर त्या आत जाऊन आडव्या झालेल्या, चेहरा तांबडा, अंग तव्यासारखं. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लांब हो."

मी तिथंच उभी.

"कळत नाही का? लांब हो. माहेरी जा. आत्ताच्या आत्ता नीघ."

सगळ्या थंडीभर जो शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता तो आता झोपडीत येऊन बसला होता. आजारी माणसाबद्दल कळवायचं असा नियम होता. कळवलं की माणसाला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या छावणीत नेत. तिथं काळजी घेत असतीलही. पण तिकडे नेलेलं माणूस चालत परत आलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा सगळे जमलेले होते, पण लांब. जमिनीवर कुणी रेघ ओढली नव्हती, तरी सगळ्यांची पावलं एका रेघेवर थांबली होती. तांबटकाका पुढे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, कळवायला हवं."

गंगूताई म्हणाल्या, "अहो, एवढ्यात काय?"

"एवढ्यातच कळवायला हवं." काका म्हणाले. "माझ्या भावाचा ताप आम्ही लपवला होता. मागच्या खेपेला. चांगला तगडा होता. त्याच्यामागे त्याची बायको गेली आणि दोन पोरं गेली. मी काही दुष्टपणानं सांगत नाही."

ते दुष्टपणानं सांगत नव्हते हे मला दिसत होतं. त्यांच्या मागे त्यांची नातवंडं उभी होती. आजवर वडीलधाऱ्यांपुढे मी तोंड उघडलं नव्हतं. पण कुणीतरी बोलायला हवं होतं आणि ह्यांच्या मागे घरातलं माणूस म्हणजे मीच होते. मी म्हटलं, "काका, डॉक्टरांना बोलवा. ते म्हणतील तसं करू. छावणीत न्यायला सांगितलं तर मीही बरोबर जाईन. तोवर मी आत बसते. आमच्या झोपडीकडे कुणी येऊ नका."

एवढं बोलून मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

बाहेर धोंडिबांचा आवाज आला, "म्या जातो दवाखान्यात." आणि लगेच कारवीचं दार ढकलून बायजाबाई आत. मी म्हटलं, "अहो, येऊ नका म्हटलं ना!"

"आयकलं म्या." त्यांनी पदर खोचला. "गाठ हाय का न्हाई ते आदी बगू दे. काकू, हात वर करा."

सासूबाई अंग चोरून भिंतीकडे सरकल्या. "शिवू नकोस मला."

बायजाबाई थबकल्या. चेहरा जरा उतरला त्यांचा. "मागनं न्हाऊन घ्या की काकू. सोवळ्याचं मागनं बगू."

"सोवळ्याचं नाही गं मेले!" सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तापानं की कशानं कोण जाणे. "तुझ्या मागे एवढा प्रपंच. तुला काही लागलं म्हणजे?"

बायजाबाई तशाच खाली बसल्या आणि त्यांनी सासूबाईंची काख चाचपली, दुसरी चाचपली, जांघेत हात लावून बघितला. आपल्या गाईचं पोट तपासतात तशा सावकाश, मन लावून. मग माझ्याकडे बघून मान हलवली. "आज तरी न्हाई. उद्याचं उद्या."

दुपारभर मी ओल्या फडक्यानं कपाळ पुसत बसले. सासूबाई मध्येच बरळत, मध्येच अगदी शुद्धीवर येत. एकदा म्हणाल्या, "अजून इथंच? माहेरी जा म्हटलं होतं."

"मार्गासनीला जायला गाडी नाही मिळायची."

"बैलगाडी धोंडिबाच्या दारात उभी आहे." त्यांनी डोळे मिटले. "खोटं तरी नीट बोलायला शीक."

मग त्या बोलत राहिल्या. आम्ही एका घरात राहायला लागल्यापासून त्या जितक्या बोलल्या नव्हत्या तितक्या त्या दुपारी बोलल्या. त्या लहान असताना अशाच एका साथीत त्यांच्या पाठच्या बहिणीला नेलं होतं. त्यांना खोलीत कोंडून ठेवलं होतं, जाऊ दिलं नव्हतं. "तिचा आवाज येत होता. अक्का, अक्का, म्हणून. गाडी वळेपर्यंत येत होता." मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला नाही.

उन्हं कलली तसा दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. उतरला तो इतका की त्यांनी पेज मागितली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मी हसले की रडले ते आठवत नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. तेव्हा ताप नव्हता, गाठ नव्हती. त्यांनी जीभ बघितली, पोट चाचपलं, थंडी वाजली होती का, किती वेळ, घाम कधी आला, सगळं विचारलं. मग बाहेर येऊन, घोळका करून उभ्या असलेल्या साऱ्या आळीला सांगितलं, "मला हा हिवताप वाटतो. एकांतरा, म्हणजे एक दिवसाआड येणारा. पण नक्की आज सांगता येत नाही. उद्या वाट बघा. काल आली तशी हुडहुडी भरून आली, तर सुटलात. नुसताच ताप चढत गेला किंवा कुठं सूज आली, तर ताबडतोब निरोप पाठवा. मग इथं ठेवता येणार नाही."

"आन् काईच न्हाई झालं तर?" धोंडिबांनी विचारलं.

"तर आणखी वाट बघायची."

"औषध?"

"कोयनेल देऊन ठेवतो. पण थंडी आल्याशिवाय द्यायचं नाही. नाहीतर खूणच पुसली जाईल."

आणि मग तो दिवस उगवला. अशी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. सासूबाईंना झोपडीबाहेर उन्हात घोंगडीवर बसवलं होतं. हातात तुळशीची माळ. समोर चूल, त्यावर पाणी. आणि सारी आळी त्यांना थंडी वाजण्याची वाट बघत होती.

जो तो काहीतरी निमित्त काढून तिथून जात होता. बायजाबाई गवताची पेंढी इकडून तिकडे नेत होत्या आणि तीच पेंढी तिकडून इकडे आणत होत्या. "काकू, वाजतीया का वं?"

"नाही गं."

गंगूताई शिवणाचं घेऊन बसल्या, सुईत दोराच ओवला नव्हता. तांबटकाका लांब दगडावर बसून होते. त्यांनी सकाळपासून हातोडी उचलली नव्हती. त्यांचा तो ठोका मला एरवी डोक्यात बसल्यासारखा वाटायचा, त्या दिवशी त्याच्याशिवाय माळ भयाण वाटत होता.

ऊन चढलं. सासूबाई ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "मला आपलं अगदी बरं वाटतंय हो."

बरं वाटतंय म्हटल्यावर लोकांचे चेहरे पडावेत, असं मी त्या दिवशीच पाहिलं. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. ऊबदार होता. छानपैकी ऊबदार. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी देवाकडे मागितल्या, पण एका म्हाताऱ्या बाईला थंडी भरू दे म्हणून हात जोडले ते तेवढेच. चुलीतली लाकडं मी मागे ओढली, न जाणो, शेकानं थंडी दबत असेल. धोंडिबा नदीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. समोर आमची उघडी घरं उन्हात पांढरी पडली होती.

मग एक बारीक आवाज यायला लागला. टिकटिक, टिकटिक. वाळलेल्या शेंगेत दाणे वाजावेत तसा. मला आधी कळलंच नाही कुठून येतोय. गंगूताईंनी मान वर केली. सासूबाईंच्या हातातल्या माळेचे मणी एकमेकांवर आपटत होते. त्या स्वतःच आपल्या हाताकडे बघत होत्या, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारख्या. मग खांदे हलायला लागले. मग दात.

"आलं!" बायजाबाईंनी हातातली पेंढी वर फेकली. "आलं गं बया, हिव आलं! अवं, काकूंना हिव आलं!"

पुढचं सगळं एकदमच झालं. बायका धावल्या. ज्या रेघेवर परवापासून पावलं अडली होती ती रेघ कुठं गेली कुणास ठाऊक. ज्याच्या त्याच्या झोपडीतून घोंगड्या, गोधड्या, पासोड्या आल्या आणि सासूबाईंवर रचल्या गेल्या. सोवळ्या-ओवळ्याची कुणाला आठवण राहिली नाही, त्यांना तर नाहीच. गंगूताई हसत होत्या, तेच हसणं, आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडत होते. धोंडिबांनी नदीच्या काठावरूनच आरोळी ठोकली. तांबटकाका उठले, त्यांनी चेहरा पंच्यात झाकला आणि तसेच उभे राहिले. कितीतरी वेळ. मग झोपडीत गेले आणि थोड्या वेळानं वरून ठोका ऐकू आला. ठण्, ठण्, ठण्.

त्या ढिगाऱ्याखालून सासूबाईंचं फक्त नाक दिसत होतं. दात वाजता वाजता त्या म्हणाल्या, "मे-मे-मेल्यांनो, म-मला इथं जीव नकोसा झालाय, आणि ह-हसता काय?"

"हसू द्या वं काकू," बायजाबाई म्हणाल्या, "तुमी आनकी जोरात वाजवा दात!"

आणि तेव्हा सासूबाई हसल्या. थंडीनं आणि हसण्यानं मिळून तो गोधड्यांचा ढीग असा हलत होता की वरची पासोडी घसरून खाली आली.

हे परतले तोवर कोयनेलनं ताप पळाला होता आणि सासूबाईंच्या कानांत त्या औषधाची तेवढी गुणगुण उरली होती. सगळं ऐकून हे रागावले. "मला कुणी निरोप का नाही पाठवला?"

"तू येऊन काय करणार होतास?" सासूबाई म्हणाल्या. "थंडी आणणार होतास?"

ह्यांना काही कळलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मी पाठ वळवून चुलीत फुंकर घातली.

त्यानंतरही आम्ही बरेच दिवस माळावर होतो. धोंडिबांनी नदीकाठच्या पट्टीत पेरलेला हरभरा फुलला, घाटे धरले, आम्ही ते भाजून खाल्ले. संध्याकाळी सासूबाई बायजाबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसत. स्वयंपाक त्यांचा सोवळ्यातच राहिला, ते काही सुटलं नाही, आणि सुटलं असं मी उगीच सांगणारही नाही. पण संध्याकाळच्या अंघोळीच्या आधीचा वेळ त्यांनी माणसांसाठी काढून ठेवला. आणि माझ्याशी बोलत. साध्याच गोष्टी. बहिणीचं नाव काय होतं, ती कशी दिसायची. मार्गासनीला आमच्या ओट्यावरून काय दिसतं, असं एकदा विचारलं त्यांनी. मी सांगितलं. म्हणाल्या, "एकदा दाखव मला." पुढे दाखवलंही.

फाल्गुनात घरी जायची परवानगी मिळाली. गावात पुष्कळ घरांना कुलपं लागलेलीच राहिली त्या वर्षी. आमच्या आळीत सगळे होते.

सकाळीच आम्ही निघालो. बायजाबाई तेवढ्या मागे राहिल्या, गुरं आणि हरभऱ्याची काढणी उरकून त्या दोन दिवसांनी येणार होत्या. नदी ओलांडून आम्ही चढ चढलो. दारं उघडताना कुलपं गंजलेली. आत गेलो आणि मी थांबले. जे स्वयंपाकघर मी कधी दिव्याशिवाय पाहिलं नव्हतं ते उन्हानं भरलं होतं. कौलं काढलेल्या छपरातून ऊन थेट चुलीवर पडलं होतं. राखेवर, जात्यावर, फडताळातल्या डब्यांवर. कोपऱ्यात गवताचं एक हिरवं पातं उगवलं होतं.

सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, चढानं दम लागलेला. त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चूल तू पेटव."

मी चूल सारवली, गोवऱ्या रचल्या, पेटवली. घरोघरी त्याच वेळी पेटत असाव्यात, कारण वरून खालून फुंकण्यांचे आवाज येत होते. धूर घरात कोंडला नाही. उघड्या छपरातून सरळ वर निघून गेला. नदीपलीकडून तो दिसला असावा, कारण पाण्यावरून बायजाबाईंची हाक आली, लांबवलेली, खणखणीत.

"पोचला का वं काकूऽऽ?"

सासूबाईंचा आवाज आजवर उंबऱ्याबाहेर गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या पदर सावरत चुलीपाशी आल्या, त्या उन्हाच्या चौकटीत उभ्या राहिल्या, मान वर केली आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या,

"पोचलो गं बायजेऽऽ! सगळे पोचलो!"